कोमट सळया

माझं काम संशय घेण्याचं आहे आणि त्याचा मला पगार मिळतो. आकाशात काही दीर्घिका अशा आहेत की साध्या दुर्बिणीतून त्या फिकट डागासारख्या दिसतात, कधी दिसतही नाहीत. पण अवरक्त किरणांत, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या प्रकाशात पाहिलं तर त्याच दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या शेकडो पट प्रखर निघतात. आत काहीतरी भयंकर पेटलेलं असतं आणि भोवती धूळ इतकी दाट असते की तो उजेड बाहेर येत नाही. धूळ तो गिळते, तापते आणि ती ऊब बाहेर टाकत राहते. आमच्या हाती येते ती फक्त ऊब. तिच्यावरून आत नक्की काय जळतंय ते ठरवायचं, आणि जे पहिल्यांदा सुचेल त्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढाच माझा धंदा. पुसदची मुलगी ह्या कामात कशी शिरली असं लोक विचारतात तेव्हा मी शिष्यवृत्तीचं नाव सांगते. ते खोटं नाही, पण त्याच्या आधी कापसाची एक गंजी होती, घराएवढी उंच रचलेली.

आम्ही तेव्हा पुसदला एका जिनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारातच राहायचो. बाबा सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते, म्हणजे गाडीतला कापूस हातात घेऊन तो कोणत्या प्रतीचा हे ठरवायचे. केंद्र भाड्याच्या जिनमध्ये होतं आणि त्या जिनच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या होत्या. हंगाम सुरू झाला की घरात कापूस असायचा. कापूस म्हणजे ढीग नव्हे, उडणारे तंतू. वरणावर, देवाच्या फोटोवर, माझ्या वेणीत. आई ताट वाढलं की त्यावर दुसरं ताट पालथं घालायची आणि आम्ही घास घेण्यापुरतं ते उचलायचो. अजूनही मी जेवताना ताटाकडे आधी एकदा बारकाईने पाहते. माझ्या नवऱ्याला तो त्याच्या स्वयंपाकाचा अपमान वाटतो. जिनचा आवाज दिवसभर असायचा आणि तो ऐकू यायचा नाही. बंद पडला की मात्र सगळे दचकून वर बघायचे.

सरकारी कापूस खरेदीच्या त्या वर्षांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, मी त्यात भर घालणार नाही. एवढंच सांगते की तेव्हा कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता. शेतकऱ्यांना वाटायचं ग्रेडर मुद्दाम प्रत पाडतो. ग्रेडरला वाटायचं गाडीच्या तळाशी दगड आहेत. व्यापाऱ्यांचा कापूस शेतकऱ्यांच्या नावावर येतो असं सगळेच म्हणायचे. वजन वाढवायला नाल्यावर गाडी थांबवून कापसावर पाणी मारतात, हे तर लहान पोरांनाही ठाऊक होतं. त्यामुळे बाबा प्रत्येक गाडीत खांद्यापर्यंत हात घालून आतला कापूस काढायचे, त्यातली सरकी दाताखाली धरायचे आणि चावायचे. कट्‌ असा आवाज आला की कापूस कोरडा. सरकी नुसती दबली की ओला. त्यांचा उजवीकडचा एक दात ह्याच कामात गेला होता. "माझ्या दाताले लाच देता येत नाही," असं ते हसून म्हणायचे, आणि समोरचा हसतो की नाही हे पाहायचे.

घरात संशयाचं खातं आईकडे होतं. दूधवाला पाणी घालतो, शेजारीण आमच्या घरी कोण येतं ते मोजते, केंद्रावरचा शिपाई ऐकून जातो. त्यात त्या दिवाळीला आमच्याकडे फ्रिज आला. मी अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले तर कोपऱ्यात तो उभा, आणि त्याच्यावर पायापर्यंत फुलाफुलांची चादर. आई म्हणाली, कापूस बसतो म्हणून झाकला. पण कपाटावर चादर नव्हती, शिलाई मशीनवर नव्हती. कोणी दारात आलं की आई त्या कोपऱ्यासमोर उभी राहायची. फ्रिज मात्र चादरीखाली गुरगुरायचा आणि त्याच्या मागची भिंत गरम असायची. आमची मांजर ते पहिल्या दिवशीच शिकली.

"हप्त्यावर घेतला," बाबा म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

कॉलेजात मला तेव्हा एका छोट्या भाषणाची तयारी करायची होती आणि विषय मी ह्याच दीर्घिकांचा घेतला होता. आमच्या सरांना तो पटलेला नव्हता. "जे दिसत नाही ते प्रखर कसं?" असं त्यांनी भर वर्गात विचारलं होतं आणि मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. म्हणून मी घरी ज्याला त्याला ते समजावून सराव करत होते. एका दुपारी जेवताना बाबांची पाळी आली. आईने तुरीच्या सोल्यांची आमटी केली होती, वर कच्चा सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, सोबत ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. मी सांगितलं की मोठा वाद असा आहे: धुळीच्या आत कोट्यवधी नवे तारे एकदम जन्मताहेत म्हणून ती तापली आहे, की अगदी मधोमध एक प्रचंड कृष्णविवर आहे आणि त्यात पडणारं सगळं तापून पेटलं आहे म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

"मंग तुम्ही ओळखता कसं?" बाबांनी विचारलं. "झाकलेलं तर झाकलेलं."

"धूळ किती तापली ते पाहून. मधे एकच भट्टी असेल तर तिच्याजवळची धूळ सडकून तापते. आग सगळीकडे थोडी थोडी पसरलेली असेल तर धूळ सगळीकडे कोमट."

बाबांनी ठेचा पुढ्यात ओढून घेतला. आईच म्हणाली, "हे कायले शिकवतात वं तुले? उद्या सासरी भट्टी पेटवशीन का कृष्णविवर?"

आमच्या धंद्यातलं कोमट म्हणजे कोणत्याही हिवाळ्यापेक्षा कितीतरी गार असतं, हे मी तेव्हा सांगितलं नाही. आधीच कोणी ऐकत नव्हतं.

त्या सुट्टीत आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ती सळईची. कापसाची गंजी आतून तापते. ओल असली, दाबून रचली, की आतल्या आत ती कुजायला लागते आणि ऊब धरते; कधी कोणाच्या घरच्या चुलीजवळची ठिणगी कापसासोबत गाडीत येते आणि गंजीच्या पोटात दिवसचे दिवस धुमसत राहते. वरून सगळं पांढरंशुभ्र. म्हणून बाबांकडे एक लांब लोखंडी सळई होती. रोज संध्याकाळी ते ती गंजीत खुपसायचे, चहा होईपर्यंत ठेवायचे, मग ओढून काढून तिचं टोक गालाला लावायचे. लहानपणी मीही माझा गाल पुढे करायची. हाताची कातडी राठ असते, ती फसवते. गाल फसवत नाही, असं बाबा म्हणायचे. ती सळई त्या सुट्टीत आमच्या दाराआड उभी होती आणि आईने तिच्यावर भांडी पुसायचं फडकं वाळत घातलं होतं. रोज तेच फडकं, तिथेच. म्हणजे सळई हलली नव्हती. आवारात सगळ्यात मोठी गंजी उभी होती, मधे अवकाळी पाऊस येऊन गेला होता, आणि बाबा सळई घालत नव्हते. मला वाटलं, थकले असतील.

मग एका सकाळी वास आला. धूर नाही, काही नाही. जुनी गोधडी करपल्यासारखा वास, आणि तोही वारा वळला की नाहीसा. जिनच्या यंत्रांचे फिटर शब्बीरचाचा हात पुसत बाहेर आले, नाक वर करून गंजीला एक फेरी मारली आणि बाबांना म्हणाले, "साहब, हे काई बरोबर नाही. अंदर कुछ तो पक रहा है." चाचा आणि बाबांची ओळख जुनी. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा आणि आई तो कधी रिकामा परत पाठवायची नाही, करंज्या भरून द्यायची.

बाबा काही उत्तर देणार तोच फाटकातून जीप आत आली. यवतमाळहून निरीक्षक आले होते. किडकिडीत गृहस्थ, नाकाला रुमाल, बोलणं पुस्तकातल्यासारखं. निनावी तक्रार होती: ह्या केंद्रावरचे ग्रेडर पाणी मारलेला कापूस कोरडा म्हणून घेतात आणि त्याबद्दल व्यापाऱ्यांकडून पैसे घेतात. ज्या सकाळी वास आला त्याच सकाळी जीप आली. बाबांनी जीपकडे पाहिलं आणि मग शब्बीरचाचांकडे. ती नजर मी ओळखली. गाडीच्या तळाशी दगड आहेत अशी खात्री झाली की बाबा तसं पाहायचे. चाचांनीही ती ओळखली असणार.

प्रश्न सरळ होता. गंजी ओल्यामुळे तापली असेल तर ओला कापूस बाबांनीच पास केलेला होता. मग निलंबन, चौकशी, आणि नोकरीबरोबर घरही, कारण घर जिनचं होतं. ठिणगीने तापली असेल तर तो अपघात, कोणाचाही दोष नाही.

"गंजी उघडा," निरीक्षक म्हणाले. "आतला कापूस ओला आहे की नाही ते आत्ता कळेल."

"उघडली का हवा लागंल, साहेब," चाचा म्हणाले. "मंग तुमी जीपपर्यंत पोचायच्या आत सारं राख. न कापूस, न चौकशी."

"बंब येऊ द्या आधी," बाबा म्हणाले. "नगरपालिकेले फोन केला आहे."

"बंब येईपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही," निरीक्षक म्हणाले. "उघडू देत नाही म्हणजे काय समजायचं मी?"

बाबांचा चेहरा अगदी साधा होता, प्रत सांगताना असतो तसा. हमाल लांब उभे होते आणि त्यांच्यातला एक मोठ्याने म्हणाला, "दाताले विचारा ना साहेबाच्या!" तेव्हा बाकीचे हसले. ते हसू मला लागलं. माझी खात्री होती की गंजीत ठिणगी आहे आणि बाबांना ते सिद्ध कसं करावं हे सुचत नाहीये. मला सुचलं होतं. ते आदल्या आठवड्यात मी त्यांना जेवताना सांगितलंच होतं.

"सळया घाला ना," मी म्हटलं. "एक नाही, चारही बाजूंनी आणि मधे. ओल्याने तापली असेल तर सगळीकडे सारखीच गरम निघेल. ठिणगी असेल तर एकाच जागी सळई भाजेल आणि बाकीच्या गार. उघडायची गरजच नाही."

निरीक्षकांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "ही कोण?"

"मुलगी," बाबा म्हणाले. मग मला म्हणाले, "नंदा, तू घरात जाय."

मी गेले नाही. निरीक्षकांना कल्पना आवडली होती. चाचांनी वर्कशॉपमधून लांब सळया आणल्या, बाबांची दाराआडची मी फडकं झटकून आणली. हमालांनी त्या गंजीच्या पोटात खोल खुपसल्या. मग थांबायचं होतं. आईने सगळ्यांना चहा केला आणि निरीक्षकांच्या चहात आलं जास्त घातलं. फ्रिजची चादर तिने खाली त्याच्या पायांखाली खोचली होती हे मी कप आणायला गेले तेव्हा पाहिलं. बाहेर सगळे सळयांकडे पाहत होते. जिन बंद ठेवला होता, त्यामुळे झाडावरच्या साळुंक्या फार मोठ्याने ओरडल्यासारख्या वाटत होत्या.

उत्तरेच्या कोपऱ्यातली सळई पहिल्यांदा ओढली. हमालाने ती अर्ध्यात सोडून दिली, "अबे बाप रे!" म्हणून हात झटकला. टोक काळं झालं होतं. निरीक्षकांनी विश्वास ठेवला नाही, स्वतः बोट लावून पाहिलं आणि बोट तोंडात घातलं. "ठिणगी," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जवळजवळ निराशा होती. सगळ्यांनी श्वास सोडला. हमाल हसले, ह्या वेळी वेगळं हसले. मला तर अमरावतीच्या सरांना तिथे आणून उभं करावंसं वाटत होतं.

बाकीच्या सळयांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी सवयीने दक्षिणेकडची ओढली, सगळ्यात लांबची, आणि टोक गालाला लावलं.

ती गार नव्हती.

मी मधली लावून पाहिली. तीही नाही. भाजत नव्हती, चटका नव्हता. आंघोळीचं पाणी उतरत आल्यावर असतं तशी कोमट. कापसातून उष्णता सरकत नाही, म्हणून तर आपण त्याच्या रजया करतो. उत्तरेची ठिणगी दक्षिणेचं टोक गरम करू शकत नाही. म्हणजे ती ऊब तिथलीच होती, सगळ्या गंजीची स्वतःची. मी वर पाहिलं. बाबा माझ्याकडे पाहत होते. ते आले, माझ्या हातातून दोन्ही सळया घेतल्या आणि बाजूच्या पाण्याच्या पिंपात उभ्या केल्या. घाईने नाही. अवजार जागेवर ठेवावं तसं.

बंब आला. उत्तरेचा कोपरा पाणी मारत मारत उघडला आणि आत टोपलीएवढा काळा, लाल डोळ्याचा गोळा सापडला. तो विझवला. मग बाबा बंबवाल्यांना म्हणाले, "पूर्ण गंजीवर मारा. खबरदारी म्हणून." आणि स्वतः नळीचं तोंड धरून दक्षिणेकडे गेले. बंबवाल्याने म्हटलं, तिकडे काही नाही साहेब. बाबा म्हणाले, मारा. कापूस पाणी पीत गेला, पांढऱ्याचा राखाडी झाला, खाली सगळीकडे ओघळ. शब्बीरचाचा माझ्या शेजारी उभे होते. ते एवढंच म्हणाले, "अब कौन बोलेगा, पहले से गीला था का नहीं?" ते मला सांगत होते की नुसतं बोलत होते ते मला आजवर कळलेलं नाही. निरीक्षकांनी अपघात असा शेरा मारला, बोटाला आईकडून हळद लावून घेतली आणि जीप गेली.

त्या संध्याकाळी आईने वांग्याचं भरीत केलं, पातीचा कांदा भरपूर घालून. बाबांनी दोनदा घेतलं. माझ्या कामाचं कौतुक आईनेच केलं. बाबा म्हणाले, मीठ बरोबर पडलं आज. शब्बीरचाचांकडून त्या वर्षी ईदला डबा आला, पण बाबांनी त्याला हात लावला नाही, आणि पुढच्या वर्षी डबा आला नाही. तक्रार कोणी केली हे कधीच कळलं नाही. बाबांच्या मनात मात्र ते ठरून गेलं होतं. मी कॉलेजात परत गेले, भाषण दिलं, सरांना उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. सरांनी शेवटी विचारलं, "पण दोन्ही असेल तर?" मी म्हटलं, "बहुतेक ठिकाणी दोन्हीच असतं, सर." हे मला पुस्तकात सापडलेलं नव्हतं. ते पुढे कितीतरी जणांनी मोजून दाखवलं, त्यात थोडी मीही आहे.

आता माझी कामाची पद्धत काय म्हणाल तर हीच. दीर्घिकेची ऊब मोजली की तिचा आलेख निघतो. मधल्या भट्टीजवळच्या तापलेल्या धुळीचा उंचवटा एकीकडे येतो, ठळक, आणि सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात. मी तो वजा करते आणि मग काय उरतं ते पाहते. उरलेलं कोमट असतं, पसरट असतं, आणि खरी भानगड पुष्कळदा तिथे असते. माझे विद्यार्थी म्हणतात, मॅडम फार संशयी आहेत. मी ते खोडून काढत नाही.

पहिला शोधनिबंध छापून आला तेव्हा मी पुसदला गेले. बाबा निवृत्त झाले होते, गावात दोन खोल्यांचं स्वतःचं घर झालं होतं, फ्रिज तोच होता, आता बिनचादरीचा, दारावर गंज धरलेला. मी त्यांना आलेखाचा कागद दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो फार वेळ पाहिला. हा उंच भाग मधल्या कृष्णविवराचा, मी म्हटलं. हा शेजारचा बसका भाग सगळ्या दीर्घिकेचा, तो वेगळ्या कारणाने तापलेला.

"पाऊस झालता त्या वर्षी," बाबा एकदम म्हणाले. "गाड्या पार रस्त्यापर्यंत उभ्या होत्या. बैलं भिजून राह्यलते. परत कुठी पाठवायच्या होत्या?"

मी त्यांचं कारण मनातल्या मनात ताडून पाहिलं. ते बसत होतं. पाऊस झाला होता, गाड्या उभ्या होत्या, हे मी स्वतः पाहिलेलं होतं. दुसरंही कारण बसत होतं आणि ते भिंतीशी उभं राहून गुरगुरत होतं. हाती असलेल्या मोजमापावर दोन्ही तितकीच बसतात, अशा वेळी आम्ही निबंधात तसं लिहून टाकतो आणि पुढच्या दुर्बिणीची वाट पाहतो.

"मंग ह्या बसक्या भागाचं कारण काय लिहिलं तू?" त्यांनी विचारलं.

"दोन शक्यता आहेत असं लिहिलं."

"अन्‌ तुझ्या साहेबांनी चालवून घेतलं?"

"घेतलं."

"चांगला माणूस दिसतो," बाबा म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली, अशी की उंच भाग वर राहिला आणि बसका आत गेला, आणि तो माझ्या हातात दिला. मी तो उघडला, मांडीवर ठेवून घडीवरून नख फिरवून सरळ केला, आणि तसाच पिशवीत ठेवला.